चालकाच्या बाजूचा पुढचा शॉक

मित्रांनो, शाळेच्या निबंधात पाटी बोलते, नाणं बोलतं, फाटकी छत्रीसुद्धा बोलते. माझ्यावर मात्र कुणी पाच ओळी लिहिल्याचं ऐकिवात नाही. तक्रार नाही हो. मी राहतो तिथं कुणाचं लक्षच जात नाही. गाडीचं पुढचं चाक काढा, त्यामागचा चिखल खरवडा, की मनगटाएवढी जाड एक नळी आणि तिच्याभोवती वेटोळे घातलेली स्प्रिंग दिसेल. ती नळी म्हणजे मी. एक जुना शॉकअब्झॉर्बर. पूर्ण नाव घेताना गॅरेजवाल्यांचीही जीभ अडखळते, म्हणून सगळे नुसतं 'शॉक' म्हणतात. गाडीला असे चार असतात. मी चालकाच्या बाजूचा, पुढचा.

आधी काम सांगतो. खड्डा आला की दणका झेलते ती स्प्रिंग. पण तिचा स्वभाव असा, की एकदा उडाली की उडतच राहते. समारंभात नाचायला उठलेल्या एखाद्या काकांना जसं कुणीतरी हळूच दंडाला धरून खुर्चीत बसवावं लागतं, तसं तिला बसवायचं काम माझं. माझ्या पोटात तेल आहे, तेलात एक दट्ट्या आहे आणि दट्ट्याला बारीक भोकं आहेत. दट्ट्या वर-खाली होतो तेव्हा तेलाला त्या भोकांतून अंग चोरून जावं लागतं, आणि त्या ओढाताणीत दणका जिरतो. तो जिरून जातो कुठं? कुठं नाही, मी तापतो. दुसऱ्याचा राग मुकाट्यानं गिळणाऱ्याचं होतं, तेच.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. शेजारच्या सरकत्या पट्ट्यावर साध्या गाड्यांचे शॉक मिनिटाला दहा या वेगानं जन्मत. त्यांची तोंडं कायमची बंद. बिघडले की सरळ भंगारात. आम्ही मात्र शर्यतीच्या गाड्यांसाठीचे, म्हणून आमच्या तोंडाला आटे होते. उघडा, दुरुस्त करा, पुन्हा लावा. तळाशी दाबून भरलेला गॅस, आणि अंगावर फिरणारं एक कडं. कडं वर फिरवलं की गाडीचा तो कोपरा वर, खाली फिरवलं की खाली. यंत्रानं मला दोनशे वेळा दाबलं, दोनशे वेळा ओढलं. मग एका बाईंनी कागदावर सही केली आणि म्हणाल्या, "हा बरा आहे." त्या तीन शब्दांवर मी पुढची बरीच वर्षं काढली.

मला विकत घेतलं ते एका वजनमापे निरीक्षकांनी. दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासायचे, खोटी वजनं पकडायची, लिटरचं माप खरंच लिटरचं आहे का ते बघायचं, ही त्यांची नोकरी. दुकानदार पाठीमागे त्यांना तागडीसाहेब म्हणत. तोंडावर नुसतं 'साहेब, बसा ना' म्हणत आणि खुर्चीऐवजी तराजू पुढे करत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी साहेब भाजी घ्यायला निघाले की रस्त्यावरचे निम्मे काटे आपोआप शून्यावर येतात.

साहेबांची गाडी दोन दारांची, बुटकी, एकेकाळी लाल. त्यांच्या बायकोचं, मुलगी आई म्हणते म्हणून मीही आईच म्हणतो, त्यांचं म्हणणं असं, की या गाडीत बसत नाहीत, ही अंगात घालतात. घरामागे पत्र्याच्या शटरची एका गाडीची खोली आहे. तिथं भिंतीवर नट आवळायचे पाने लटकतात, कोपऱ्यात जुने टायर आहेत, आणि फळीवर निळ्या पुठ्ठ्याची एक जाड वही.

मित्रांनो, मी माणसं चेहऱ्यानं ओळखत नाही, वजनानं ओळखतो. साहेब पहिल्यांदा बसले तेव्हा अठ्ठ्याहत्तर किलो होते. वर्षाला एखादा किलो वाढत गेले. आईंनी विचारलं की गेली दहा वर्षं एकच उत्तर देतात, "ब्याऐंशी." मी खालून ऐकतो आणि गप्प राहतो. खरा आकडा एक्क्याण्णव.

पण एक गोष्ट कबूल करायला हवी. तोंडी बोलताना साहेब थोडं इकडचं तिकडं करत. लेखी कधीच नाही. तीस वर्षं खोटी मापं पकडणाऱ्याचा हात चुकीचा आकडा लिहायला वळतच नसे. त्या निळ्या वहीत गाडीचं सगळं असे. चाकातली हवा, तेलाची पातळी, कोणत्या दिवशी कोण बसलं, किती वजनाचं. त्यात 'चालक: ९१' असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं. ती वही कुणी वाचत नसे. साहेब स्वतःसुद्धा नाही.

वर्षातून एकदा त्यांच्या क्लबची शर्यत असते. गावाबाहेरच्या टेकडीचा जुना रस्ता त्या दिवशी बंद ठेवतात. एका वेळी एकच गाडी, पायथ्यापासून माथ्यापर्यंत, घड्याळ लावून. साहेब वीस वर्षं भाग घेत होते. त्यांचा सर्वांत वरचा क्रमांक अकरावा. तो त्यांनी घरात इतक्या वेळा सांगितला होता, की पाहुण्यांनाही पाठ होता.

गेल्या वर्षी सातव्या वळणावर ते झालं.

सातवं वळण म्हणजे केसात घालायच्या आकड्यासारखं, एकदम उलटं फिरणारं. अलीकडे ब्रेक दाबायचा, गाडीचं नाक खाली येतं, मी दबतो, आणि मग वळायचं. त्या दिवशी मी दबायला तयार होतो. दबायची वेळ आली आणि गेली. मग ब्रेक लागला, पण फार उशिरा. गाडी सरळ गेली, गवतावरून घसरली आणि कडेला रचलेल्या टायरच्या ढिगात शिरली. ढीग होता म्हणून थांबली. पलीकडे उतार होता, दगडांचा. माझं चाक त्या उतारावर हवेत लोंबकळत होतं आणि मी, जेवढा लांबू शकतो तेवढा लांबून, त्याला धरून होतो.

साहेब दार उघडून गवतावर उभे राहिले. लोक धावत आले. साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "शॉक गेला."

गेला! मित्रांनो, मी तिथंच होतो. चाक धरून. पण माझं कोण ऐकतं? गाडी ओढणाऱ्या ट्रकवाल्यानं मान डोलावली, क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, "जुना माल, भरवसा नाही," आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या क्लबात झालं की तागडीसाहेबांना शॉकनं दगा दिला. त्यानंतर वर्षभर मी ताडपत्रीखाली होतो. माझ्या तोंडाशी थोडं तेल पाझरायला लागलं होतं, तेवढाच काय तो पुरावा, आणि तोही माझ्याच विरुद्ध.

आईंनी त्या रात्री जेवताना एवढंच सांगितलं, "पुढच्या वर्षी गाडी पोरगी चालवेल. नाहीतर भंगारवाल्याला बोलावते."

"बरं," साहेब म्हणाले. तोंडी.

पोरगी म्हणजे त्यांची मुलगी, दातांची डॉक्टर. लहानपणापासून ती या गाडीत शेजारच्या जागेवर वाढली. वजन छप्पन्न. मोठमोठी माणसं तिच्यासमोर तोंड उघडून गप्प बसतात, त्यामुळे तिला उलट उत्तर ऐकायची फारशी सवय नाही. शर्यतीला सहा आठवडे उरले तेव्हा तिनं ताडपत्री काढली आणि म्हणाली, "बाबा, शॉक घरीच उघडू. रविवारी."

रविवारी मला उतरवलं. गाडी जॅकवर, मग टेकूच्या लोखंडी घोड्यांवर, चाक बाजूला, स्प्रिंग वेगळी. साहेबांचे हात अजून पक्के होते. खोलीत जाताना मात्र ते चौकटीला धरून जात. मुलीनं दवाखान्यातला पांढरा स्वच्छ ट्रे आणला होता, आणि साहेबांनी स्वयंपाकघरातला.

"अहो, माझा ओव्हनचा ट्रे कुठंय?" आईंनी दारातून विचारलं.

"तेल सांडू नये म्हणून घेतलाय."

"परवा त्यात केक केला होता."

"मग बरंच आहे, तूप आधीच लागलेलं आहे."

आई काही न बोलता गेल्या. असं न बोलता जाणं साहेबांना जास्त बोचतं.

"आधी गॅस सोडायचा ना?" मुलगी म्हणाली. "किती असेल?"

"काही नसेल. शॉक गेलाय."

तिनं तळाच्या स्क्रूवर फडकं गुंडाळलं आणि तो सैल केला. आणि मी, वर्षभर गप्प राहिलेला मी, बोललो. फुस्स करून जो सुटलो तो भिंतीवरचं कॅलेंडर तीन महिने पुढं गेलं. मुलीचे केस मागे उडाले.

तिनं केस बसवले. "बाबा, गेलेल्या शॉकमध्ये एवढा गॅस?"

"थोडाफार राहतो."

"हा थोडाफार होता?"

साहेबांनी पाना शोधायला सुरुवात केली. पाना हातातच होता.

मग माझं तोंड उघडलं. तेल काचेच्या नळकांड्यात ओतलं. साहेब वाकले, डोळा बरोबर रेघेच्या उंचीवर आणला. तीस वर्षांची सवय. "तीनशे चौदा मिलिलिटर."

"आणि असायला किती हवं?"

साहेबांनी नळकांड्याकडे पुन्हा बघितलं. माप समोर होतं. "तीनशे वीस."

"म्हणजे चमचाभर कमी." तिनं दट्ट्यावरच्या पातळ पोलादी चकत्या एकेक करून ट्रेवर मांडल्या, होत्या त्याच क्रमानं, फोटो काढून. एक जरी इकडची तिकडं झाली तर माझा स्वभाव बदलतो. "एकही वाकलेली नाही. भोकं साफ. सगळं ठणठणीत आहे."

"तोंडाचं रबरी सील बघ. सील फाटलंय."

तिनं दात बघायचा तो छोटा गोल आरसा आत घातला. माझ्या तोंडात इतक्या मायेनं कुणी डोकावलं नव्हतं. "फाटलंय. पण ही दगडाची खूण आहे, बाबा. धडकल्यानंतरची."

"असेल," साहेब म्हणाले आणि ओव्हनचा ट्रे धुवायला आत गेले. वीस वर्षांत त्यांनी ओव्हनचा ट्रे धुतला नव्हता.

तिनं आरसा पुसून ठेवला. नवीन सील बसवलं, नवं तेल घातलं, आतले हवेचे बुडबुडे संपेपर्यंत माझा दांडा अगदी हळूहळू दाबत आणि सोडत राहिली. घाई केली तर बुडबुडा आत राहतो आणि नेमका वळणावर आठवतो. दुसऱ्या दिवशी गॅस भरणाऱ्या दुकानातून मी परत आलो तेव्हा तिनं दांडा पूर्ण दाबून सोडला. मी उठलो, न धडपडता, सावकाश. ती हसली. अन्याय दूर झाला नव्हता, पण प्रकृती सुधारली होती.

आता राहिली चाकांची सरळ रेघ. त्याला अलाइनमेंट म्हणतात. चाकं पुढच्या बाजूला किंचित आत बघतात की बाहेर, हे केसभर जरी चुकलं तरी गाडी रस्ता सोडून स्वतःच्या मनानं चालते. लोक त्यासाठी कॉम्प्युटर असलेल्या दुकानात जातात. साहेब एकदाच गेले होते. त्यांनी मालकाला विचारलं, "हे यंत्र शेवटचं कुणी तपासलं? प्रमाणपत्र दाखवा." त्यानंतर त्या दुकानात गाडी न्यायची सोय उरली नाही.

म्हणून घरीच. त्याची रीत अशी. आधी चारही चाकांखाली चार वजनकाटे. ते साहेबांनी एका गोदामवाल्याकडून मागून आणले. त्यानं ते इतक्या तत्परतेनं दिले, की साहेबांना संशय आला आणि त्यांनी चारही तपासले. गाडीचं वजन चार चाकांवर नीट वाटलेलं असलं पाहिजे, नाहीतर ती एक पाय तोकडा असलेल्या स्टुलासारखी वागते. आणि ते वाटप करताना चालक जागेवर बसलेला हवा. तो नसेल तर त्याच्या वजनाएवढ्या वाळूच्या पिशव्या. साहेबांनी दहा-दहा किलोच्या पिशव्या स्वतः शिवल्या होत्या. मग आमची कडी फिरवून कोपरे वर-खाली करायचे. ते जमलं की काटे काढून चाकांखाली दोन-दोन गुळगुळीत फरशा, मध्ये ग्रीस, म्हणजे चाक अडून न राहता सरकतं. शेवटी गाडीच्या दोन्ही बाजूंना मासे पकडायची दोरी ताणायची आणि पट्टीनं दोरीपासून चाकापर्यंतचं अंतर मोजायचं.

"वजनाचं काम मी सकाळीच उरकतो," साहेब म्हणाले. "तू दवाखान्यातून आलीस की दोरी."

सकाळी शटर अर्धं खाली होतं. साहेबांनी पहिली पिशवी चालकाच्या जागेवर ठेवली. दहा. दुसरी. वीस. पाचवी ठेवली, पन्नास झाले. आता एक छोटी, सहाची, ठेवतील आणि थांबतील, असं मला वाटलं. ते सहावी मोठी घेऊन आले. मग सातवी. प्रत्येक पिशवीबरोबर मी एक केसभर खाली जात होतो आणि माझ्या ओळखीचं कुणीतरी वर येऊन बसत होतं. नवव्या पिशवीवर त्यांनी एक किलोची छोटी ठेवली, वर जुनी चादर पसरली, आणि माझं कडं फिरवायला बसले.

एक्क्याण्णव.

मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर मी त्या वेळी बोललो असतो. मला फक्त तापता येतं, आणि उभ्या गाडीत तेही नाही.

दुपारी मुलगी आली. चादर बघून म्हणाली, "हे कशाला झाकलंय?"

"वाळू उडते."

तिनं विश्वास ठेवला. बापावर ठेवतात तसा. दोघांनी दोरी ताणली. ती पट्टी धरून चाकाशी पालथी पडली, साहेब डोळे बारीक करून आकडे वाचू लागले. आई चहा घेऊन आल्या आणि दोरीशी थबकल्या.

"आता मी यायचं कुठून?"

"ओलांडून ये. दोरीला धक्का लागू देऊ नकोस."

"माझ्या घरात मी दोरी ओलांडू?"

"अर्ध्या मिलिमीटरचा प्रश्न आहे अगं!"

"चहाही तेवढाच मिळेल मग," असं म्हणून आईंनी दोरी ओलांडली. धक्का लागला नाही. साहेबांनी तरी पुन्हा मोजलं.

संध्याकाळी सगळं बरोबर आलं. पिशव्या उतरवल्या, दोरी गुंडाळली. शर्यतीचा अर्ज फळीवर वहीशेजारी होता, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत द्यायचा. सगळा भरलेला, फक्त 'चालक' या शब्दापुढची रेघ कोरी होती. "करतो," साहेब म्हणत होते. आठवडाभर म्हणत होते.

सकाळी मुलगी गाडी घेऊन मागच्या मोकळ्या रस्त्यावर गेली. छप्पन्न किलो. मी लगेच ओळखलं. आणि तिनं पहिल्यांदा जोरात ब्रेक दाबला तेव्हा मला माझंच वागणं बोचलं. माझा कोपरा हलका पडला होता. माझं चाक आधी घसरलं आणि गाडी दुसऱ्या बाजूला ओढली गेली. तिनं सावरली. पुन्हा दाबला. पुन्हा तेच. तिच्या मनात सातवं वळण आलं असणार. माझ्या मनात तर आलंच. तिथं असं ओढलं गेलं, तर टायरचा ढीग दर वेळी असेल कशावरून?

ती परत आली तेव्हा साहेब शटरपाशी उभे होते.

"बाबा, गाडी ओढतेय."

"रस्ता वाकडा असेल."

"त्याच रस्त्यावर मला तुम्ही सायकल शिकवलीत. आकडे बघू कालचे." आणि तिनं निळी वही उचलली.

साहेबांचा हात पुढे झाला आणि अर्ध्यावर थांबला. वहीत खोटं काही नव्हतं. तेच तर अवघड होतं.

तिनं बोट फिरवत वाचलं. मग बोट थांबलं. "चालकाचं वजन, एक्क्याण्णव." तिनं वर बघितलं. "बाबा, मी छप्पन्न आहे."

"हो, पण हेल्मेट, बूट..."

"पस्तीस किलोचे बूट?"

 तिनं पानं मागे उलटली. गेल्या वर्षाची तारीख सापडली. तिनं ती मोठ्यानं वाचली, कारण मनात वाचवेना. "सातवं वळण. शॉक ठीक. ब्रेक ठीक. उजवा पाय: ब्रेकवर आहे की नाही, कळलं नाही."

वर्षभर ते तिथं लिहिलेलं होतं. फळीवर, सगळ्यांच्या हाताशी.

"कधीपासून?" तिनं विचारलं. डॉक्टरच्या आवाजात सुरुवात केली होती, पण शेवटपर्यंत तो टिकला नाही.

"असतो. म्हणजे पाय आहे. कधी कधी निरोप उशिरा पोचतो."

आई दारात येऊन उभ्या होत्या. "अहो, तुमची चप्पल पायातून निघून जिन्यात राहते आणि तुम्ही वर येऊन ती शोधत बसता. मला काय कळत नाही? तुम्ही सांगाल म्हणून वर्षभर थांबले."

"मग विचारायचं होतंस."

"तुम्हाला विचारलं की ब्याऐंशी म्हणता."

 साहेब टायरच्या चळतीवर बसले. "शेवटचं एकदाच, म्हटलं. शर्यतीच्या दिवशी तू थकलेली दिसली असतीस, तर मी म्हणालो असतो, राहू दे, मी नेतो."

"आणि मी थकलेली दिसले नसते तर?"

"तरी मी म्हणालो असतो, थकलेली दिसतेस."

मुलीनं वही मिटली. "बाबा, त्या दिवशी चाक कडेच्या बाहेर उतारावर लोंबकळत होतं. मी खालून बघितलं होतं. चालवायचीच असेल तर चालवा, मी किल्ली लपवणार नाही. पण मग तिथं तुमचं नाव लिहा." तिनं अर्ज त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि वर पेन. "तोंडी नको. लिहा."

मित्रांनो, मी दगडांवर लटकलो आहे, पण तेवढा ताण मला तिथंही आला नव्हता. साहेबांनी पेन उघडलं. रेघेवर टेकवलं. उचललं. त्या रेघेवर स्वतःचं नाव लिहायचं म्हणजे 'मला गाडी चालवता येते' असं लेखी द्यायचं. ते माप खरं नव्हतं, आणि साहेबांना ते साऱ्या जगाच्या आधी ठाऊक होतं. शेजारच्या घरात कुणीतरी बादली भरायला लावली. ती भरून वाहायला लागेपर्यंत ते तसेच बसून होते.

मग त्यांनी लिहिलं. मुलीचं नाव. त्यापुढे, अर्जात विचारलेलं नसताना, लिहिलं: वजन ५६ किलो.

अर्ज तिच्या हातात देऊन त्यांनी फोन काढला आणि क्लबच्या सेक्रेटरींना लावला. "मी बोलतोय. गेल्या वर्षी मी सांगितलं होतं की शॉक गेला. तो गेला नव्हता. माझा पाय गेलाय... हो, पाय. नाही, सहानुभूती नको, नोंद करून घ्या."

फोन ठेवून ते उठले, माझ्यावरच्या पत्र्यावर हात ठेवला आणि दोनदा थोपटलं. ती माफीच, असं मी मानून घेतलं.

"बस आत," ते मुलीला म्हणाले. "सगळं पहिल्यापासून. पिशव्या नकोत."

"मग पट्टी कोण धरणार?"

आईंनी पदर खोचला आणि त्या चाकाशी ग्रीसमध्ये गुडघे टेकून बसल्या. "सांगा. कुठून कुठं मोजायचं?"

"दोरीपासून रिमपर्यंत. दोरीला हात न लावता."

"काल ओलांडली तेव्हा लागला होता का?"

त्या संध्याकाळी माझं कडं चार वेळा फिरलं, दोरी दोनदा सुटली, साहेब आणि आई एकदा भांडले, आणि मुलगी दोन तास हालचाल न करता बसून राहिली. हलायचं नाही, श्वास बेतानं घ्यायचा, असा हुकूम होता. आपल्या दवाखान्यातल्या खुर्चीत माणसं कशी बसत असतील, ते तिला त्या दिवशी कळलं. ती म्हणाली तसं.

शर्यतीत ती चौदावी आली. सातव्या वळणावर तिनं वेळेवर ब्रेक दाबला, नाक खाली आलं, मी दबलो, गाडी रेघेत राहिली आणि आम्ही वळलो. एवढंच. घरातला अकराव्या क्रमांकाचा विक्रम अबाधित राहिला, हे साहेबांनी जेवताना दोनदा सांगितलं.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल, सायकल असेल, नुसतं दाराचं बिजागर असेल, त्याच्याकडे वर्षातून एकदा तरी वाकून बघा. चिखल धुवा, तेल पाझरतंय का बघा, घाई न करता बुडबुडे काढा. आणि काही बिघडलं की पहिला आळ आमच्यावर येणार, हे आम्ही धरून चाललो आहोत. आळ घ्या, पण उघडून बघा. आमच्या पोटात काही लपवता येत नाही. तुमच्या घरातल्या थकलेल्या माणसांचं मात्र तसं नसतं. त्यांना आटे नाहीत. त्यांनी आपणहून उघडावं लागतं, आणि तोवर कुणीतरी शेजारी थांबावं लागतं.

हल्ली सुट्टीच्या दिवशी साहेब गाडीत असतात, दुसऱ्या बाजूला. तिकडचा शॉक कुरकुरतो, इतकी वर्षं तू हे वजन कसं पेललंस म्हणतो. तोच मला सांगतो, की चौक जवळ आला की साहेबांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जातो, तिथं ब्रेक नसताना. निरोप उशिराच पोचतो, त्यामुळे पाय नेहमी गाडी थांबल्यावर पडायचा. मुलगी त्यावर कधी काही बोलली नाही. पण गेल्या काही दिवसांपासून ती चौकाच्या बरंच आधीपासून ब्रेक लावायला लागली आहे, अगदी हळू, लांबवत. मी इतका सावकाश दबतो, की स्प्रिंगलासुद्धा कळत नाही.

आणि गाडी थांबते त्या क्षणी तिचा ब्रेकवरचा आणि साहेबांचा ब्रेक नसलेल्या जागेवरचा, दोन्ही पाय बरोबर खाली पोचलेले असतात.